फॉस्फेटचा दगड धुताना

कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, पिकाला मिळू देत नाहीत. गंमत म्हणजे खतकारखान्यालाही हेच दोन धातू छळतात. स्फुरदाचं खत ज्या दगडापासून बनतं त्या कच्च्या फॉस्फेटला चिकटलेल्या चिकणमातीतून ते आले की फॉस्फरिक ॲसिडमध्ये गाळ धरतो, सुपर फॉस्फेट ओलसर, चिकट राहतं.

म्हणून धुणं. फ्लोरिडात खाणीतला माल पाण्याच्या झोताने पातळ करून पाइपातून आणतात. लॉग वॉशरची, म्हणजे फिरत्या दांड्यांच्या धुण्याच्या यंत्राची, पाती ढेकळं फोडतात, चाळणीवर फॉस्फेटचे सुमारे १ मिमीपेक्षा मोठे खडे उरतात. खालचा राडा हायड्रोसायक्लोनमध्ये (पाणी गरगर फिरवून जाड-बारीक वेगळं करणाऱ्या शंकूत) जातो, ०.१ मिमीहून बारीक गाळ वरच्या तोंडातून बाहेर. ढेकळं नीट फुटली नाहीत तर मातीचे गोळे खड्यांबरोबरच पुढे जातात. तिथे नुसतं पाणी वाढवून उपयोग नाही, घासण्याचा वेळ वाढवावा लागतो. गाळासोबत थोडं फॉस्फेटही जातं, आणि तो गाळ तळ्यात बसायला वर्षं लागतात. खरं दुखणं तेच.

उदयपूरजवळच्या झामरकोटड्याच्या खाणीतला कमी प्रतीचा दगड मात्र धुऊन भागत नाही. त्यात डोलोमाइट (चुनखडीसारखं खनिज) मुरलेला; दळून फ्लोटेशनच करावं लागतं, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी कण वेगळे करावे लागतात.

आपल्या आम्ल जमिनीत बारीक दळलेलं रॉक फॉस्फेट थेटही चालतं. फक्त चुन्याबरोबर टाकू नका, विरघळणार नाही.