ओबामाला दोनदा, ट्रम्पला तीनदा

"ओबामाला दोनदा मत दिलं, मग ट्रम्पला तीनदा." शेजारच्या स्टूलवरचे आजोबा पॅनकेकवर सिरप ओतत इतकं सहज बोलले, जणू ट्रॅक्टरच बदलला.

आयोवातलं क्रेस्को, सकाळी नाश्त्याला थांबलेलो. ही हॉवर्ड काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) म्हणजे अजबच प्रकरण, २०१२ला ओबामा २० टक्क्यांहून जास्त फरकाने आणि २०१६ला ट्रम्पपण तसेच, अख्ख्या देशात अशी ही एकटीच!

म्हटलं, मग आता वाईट वाटतं का? "कशाचं? दोन्ही वेळा बदलच मागितला ना."

मी भारतातला म्हटल्यावर गाडी थेट बोरलॉगवर. आपल्या हरितक्रांतीचे गव्हावाले नॉर्मन बोरलॉग इथल्याच शेतातले.

निघताना आजोबांची लाल टोपी, ट्रम्प समर्थक घालतात तशी, नीट वाचली. बियाणं कंपनीची होती. मी आत शिरताना काय समजलो होतो, सांगू का?