टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा

सेकंडहँड घेतलेली माझी दोनशे सीसीची लिक्विड कूल्ड (म्हणजे रेडिएटरमधून फिरणाऱ्या कूलंट नावाच्या द्रवाने इंजिन गार ठेवणारी) मोटारसायकल मार्चपासून तापायला लागली. तापायची तऱ्हाही चमत्कारिक होती. सिंहगड रस्त्यावरून निघून वारज्यापर्यंत मीटरवरच्या पट्ट्या निम्म्यावर, सगळं आलबेल. चांदणी चौकाच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या की पट्ट्या सरसर वर चढायच्या, मध्येच दोन पट्ट्या एकदम खाली यायच्या आणि पुन्हा वर. पंखा कधी वेळेवर लागायचा, कधी पार लाल दिवा लागायची वेळ आली तरी गप्प. हिंजवडीला पोचून गाडी बंद केली की पेट्रोलच्या टाकीखालून गडगड आवाज आणि एक गोडसर, गरम वास.

गाडी तापते म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकाने पंखा बदलायला सांगितलं. दुसरा म्हणाला, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणारी झडप) काढूनच टाक, पुण्यात थंडी पडते कुठे. एका वर्कशॉपमध्ये नेली तर तिथल्या पोराने गाडीभोवती एक फेरी मारून निकाल दिला, "साहेब, हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागेल." खर्च पाच आकडी. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचं हेड आणि सिलिंडर यांच्या मधलं सील. हेड खोलायला माझी ना नव्हती, पण गॅस्केट गेलंय हे आधी दिसायला तर हवं. गाडी परत घरी आणली.

कुठलाही नट खोलण्याआधी गाडी कधी तापते हे बघायचं. फक्त सिग्नलला तापत असेल आणि वेगात गार राहत असेल तर संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर, फ्यूजवर. वेगात असताना वाराच पंख्याचं काम करतो. वेगातही तापत असेल तर कूलंट फिरत नाही, कमी आहे किंवा रेडिएटर आतून-बाहेरून तुंबलाय. म्हणून रविवारी सकाळी खंबाटकी घाटापर्यंत जाऊन आलो. सरळ हायवेवर गाडी शांत, घाटात खालच्या गिअरला चढताना पट्ट्या वर आणि पुन्हा तोच खालीवर खेळ. म्हणजे एकट्या पंख्याचं हे काम नव्हतं. शिवाय इंजिनचं तापमान खरोखर असं क्षणात वीस अंशांनी पडत नाही. पट्ट्या उड्या मारतात तेव्हा बहुतेक वेळा सेन्सरच्या तोंडाशी कधी कूलंट असतं, कधी हवा किंवा वाफ. पंखा उशिरा का लागतो त्याचं उत्तरही त्यातच होतं. हवेत उघडा पडलेला सेन्सर इंजिनला खरी उष्णता सांगतच नाही.

तरी पंखा तपासला, कारण ते दोन मिनिटांचं काम. कनेक्टर सोडवला आणि दोन वायरींनी थेट बॅटरीचे बारा व्होल्ट दिले. जोरात फिरला. पंखा बाद नाही. रेडिएटरच्या जाळीत मात्र मागच्या पावसाळ्यातला चिखल आणि किडे घट्ट बसले होते. बागेच्या पाइपने, मागून पुढे, हलक्या धारेने धुतलं आणि जुन्या टूथब्रशने साफ केलं. वॉशिंगवाल्याकडच्या प्रेशर गनने रेडिएटर कधीही धुऊ देऊ नका. पातळ पत्रे आडवे झाले की वारा कायमचा बंद.

मग हेड गॅस्केटचा सोक्षमोक्ष. ऑइलची पातळी दिसते ती काच स्वच्छ, कूलंट मिसळल्यावर येतो तो दुधाळपणा नाही. (पावसाळ्यात जवळच्या जवळ गाडी चालवणाऱ्यांना ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसतो. तो नुसता दमट हवेचा असू शकतो, लगेच हाय खाऊ नये.) सायलेन्सरमधून सुरुवातीची वाफ सोडली तर पांढरा धूर नाही. खरी परीक्षा पुढची. रात्रभर गार झालेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करायचं आणि आत बघत बसायचं. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसत असेल तर बुडबुडे थांबतच नाहीत. माझ्याकडे पहिल्यांदा चार-दोन आले आणि थांबले. वॉटर पंपाच्या कव्हरखाली एक बारीक भोक असतं; आतलं सील गेलं की तिथून गळतं, कूलंट आलं तर एक सील, ऑइल आलं तर दुसरं. तेही कोरडं.

पण झाकण काढलं त्या क्षणी, कूलंट भरून बुडबुडे बघण्याआधीच, जे दिसलं, ते या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं होतं. रेडिएटरच्या गळ्यात कूलंट दिसतच नव्हतं. टॉर्च मारून बघितलं तर पहिल्या नळ्या उघड्या, कोरड्या. आणि बाजूची रिझर्व्ह टाकी? ती मॅक्सच्या रेघेच्याही वर. सर्व्हिसिंगच्या वेळी सगळे फक्त ही टाकी बघतात, कारण ती बाहेरून दिसते, आणि "कूलंट फुल आहे" असं कार्डावर लिहून मोकळे होतात.

हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते समजायला झाकणाचं काम कळायला हवं. ते नुसतं बूच नाही, कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. माझ्या झाकणावर १.१ कोरलेलं आहे, म्हणजे १.१ बार इतका दाब. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, १.१ बार जादा दाबाखाली तेच साधं पाणी १२० च्या पुढे जातं आणि कूलंट मिसळलेलं त्याहून वर. गरम कूलंट फुगतं, दाब हद्दीबाहेर गेला की झाकणाची स्प्रिंग उचलली जाते आणि जादा कूलंट बारीक नळीतून रिझर्व्ह टाकीत जातं. इंजिन गार झालं की कूलंट आकसतं, आत ओढ तयार होते, झाकणाच्या मधोमध असलेली छोटी चकती उघडते आणि टाकीतलं कूलंट परत येतं. माझ्याकडे जाणं चालू होतं, येणं बंद. रोज थोडं कूलंट टाकीत जायचं आणि त्याच्या जागी आत हवा यायची. गडगडही त्याच हवेची.

हे झाकण गरम इंजिनवर उघडायचं नाही, कपडा लावूनही नाही. दाब सुटला की आतलं सगळं एका झटक्यात उकळून तोंडावर येतं.

संशय अर्थातच झाकणावर. मधली चकती नखाने ओढली तर हलत होती, पण खालचं रबर कडक होऊन त्यात खोल खाच पडली होती. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या काकांनी जुनं झाकण हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "आकडा काय कोरलाय?" दुसरा ग्राहक तिथेच जादा आकड्याचं झाकण मागत होता, म्हणे उकळणार नाही. काका त्याला म्हणाले, "भाऊ, मग पाइप फाटेल, तो पण आजच घेऊन जा." मी तेवढ्याच आकड्याचं, तेवढ्याच खोलीचं घेतलं. दोनशेच्या आतबाहेर काम झालं.

रेडिएटर काठोकाठ भरला, टाकी मधल्या खुणेला आणली आणि मार्करने रेघ मारली. संध्याकाळी टाकी वर गेली, ते ठीक. सकाळी गार गाडीतही ती वरच होती. म्हणजे झाकण जुनं झालं होतं खरं, पण रोग दुसरीकडे.

मधल्या काळात थर्मोस्टॅटही बघून घेतला, कारण सगळं उघडंच होतं. आईने "परत ओट्यावर दिसता कामा नये" असं बजावून एक जुनं पातेलं दिलं. थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून पाण्यात सोडला, थर्मामीटर शेजारी. ऐंशीच्या पुढे गेल्यावर पितळी चकती हळूहळू उचलायला लागली आणि पाणी गार होताना परत बसली. निर्दोष. तो काढून टाकायच्या सल्ल्याबद्दल एवढंच म्हणेन की थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन नीट गरम व्हायला फार वेळ घेतं, इंजेक्शनवाली गाडी तोवर जास्त पेट्रोल पाजत राहते, आणि ऑइलमधला दमटपणाही उडत नाही.

उरली ती बारीक नळी, रेडिएटरच्या गळ्यापासून टाकीपर्यंतची. तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण तिच्यात दाब नसतो. मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणली. (तोंडाने ओढून बघायचा मोह टाळा, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, हीच अडचण.) नळीचं टाकीकडचं टोक बोटाने बंद केलं, दुसरं गळ्यावर होतं तसंच ठेवून झाकण बसवलं आणि बोट काढून तिथे सिरिंज लावली. दट्ट्या ओढला. नळी धड असती तर दट्ट्या अडायला हवा होता, आली ती हवा, सूं असा आवाज करत. आवाजाचा माग काढत गळ्याजवळच्या क्लिपपर्यंत पोचलो. क्लिप सरकवली तर तिच्या खालीच रबराला उभी चीर, नखाएवढी, आणि भोवती हिरवट-पांढरी खरपुडी. कूलंट बाहेर जाताना त्यातलं थोडं इथे झिरपायचं, पण गरम धातूवर लगेच सुकायचं, म्हणून जमिनीवर कधी थेंब दिसला नाही. परत येताना मात्र टाकीतून कूलंट ओढण्यापेक्षा त्या चिरेतून हवा ओढणं सोपं.

त्याच आतल्या मापाची, कूलंटला चालणारी रबरी नळी घेतली. पेट्रोलची पारदर्शक नळी कोणी देऊ केली तर नको म्हणा. गरम झाली की मऊ पडते आणि ओढ बसली की चपटी होते, म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

आता भरणं. जुनं कूलंट तपकिरी झालं होतं, ते काढून डिस्टिल्ड वॉटरने आतून धुतलं, निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. बोअरच्या पाण्याने धुवायचं नाही, क्षार आत राहतात. नवीन तयार मिश्रणाचं कूलंट घेतलं. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल हा कंपन्यांचा रंग आहे. आत काय आहे ते मॅन्युअलशी जुळवा. पुढचं चाक फळीवर चढवून गळा सगळ्यात उंच केला, हळूहळू भरलं, नळ्या हाताने दाबत राहिलो आणि गाडी दोन्ही बाजूंना कलती केली. बुडबुडे येत राहिले. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. थर्मोस्टॅट उघडला त्या क्षणी पातळी गपकन खाली गेली आणि एक मोठा बुडबुडा वर आला, भक्क. तेवढी जागा भरली आणि कूलंट फुगून वर यायच्या आत झाकण लावून टाकलं. जुनं कूलंट कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला दिलं. सोसायटीच्या गटारात ओतलं असतं तर कुत्र्यांनी चाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चांदणी चौकात नेहमीचीच कोंडी. पट्ट्या चढल्या, पंखा लागला, थोड्या वेळाने पट्टी उतरली, पंखा बंद. परत चढल्या, परत लागला. मध्ये उडी नाही. सकाळी टाकी मार्करच्या रेघेवर आणि झाकण काढून बघितलं तर कूलंट गळ्यापर्यंत. वर्कशॉपमधल्या पोराला चिरलेली नळी दाखवली. त्याने वाकवून, क्लिपची जागा नीट निरखून बघितली आणि म्हणाला, "आत उभ्या आहेत त्यातल्या दोन गाड्यांना हेच असेल." आणि खरंच सिरिंज कुठे मिळते ते विचारून घेतलं.