तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं छान चाललंय, मग प्रार्थनेत मागता काय?

हा प्रश्न मला हमखास येतो, बहुतेक उपासना सुटल्यावर चहा घेताना, आणि विचारणारे असतात नवीन लग्न झालेले, दोघंही आयटीत नाहीतर बँकेत, नुकताच फ्लॅट घेतलेला. "काकू, तुमचं लोन फिटलं, मुलगा कमावतो, आता टेन्शन कसलंच नाही, तरी तुमचा विश्वास टिकून कसा? आमचं तर प्रमोशन झाल्यापासून बायबल उघडणंच होत नाही."

प्रश्न खरा आहे. आपल्याकडे उपासनेत उठून देवाने काय केलं ते सांगतात ती साक्ष, ती असते संकटाची, ऑपरेशन झालं, नोकरी गेली, प्रभूने सांभाळलं. पगार दुप्पट झाला त्या वर्षी प्रार्थना कशी चालू ठेवली, अशी साक्ष द्यायला कुणी उठलेलं मी तरी पाहिलं नाही. हल्ली उठतात ते "प्रभूने गाडी दिली" म्हणायला. दिली असेल, माझी ना नाही, पण त्याच बाकावर ज्याची नोकरी गेलीय तो बिचारा काय समजणार, आपल्यावर देवाची खप्पामर्जी झाली?

आमच्या घराण्याचं मूळ नगरकडचं. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आसपास आणि नंतर त्या भागात बरेच लोक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले, आणि तेव्हापासून एक टोमणा आमच्या मागे लागलाय, "पोटासाठी बाटले". शाळेत मीही ऐकलाय. यावर लोक चिडतात, वाद घालतात, मिशनऱ्यांनी शाळा काढल्या दवाखाने काढले वगैरे सांगतात. मला वाटतं वाद घालायची गरजच नाही, घटकाभर धरून चालू की भुकेपोटी आले, मग आता चार पिढ्यांनंतर पोट भरलेलं असताना आपण काय करतो तेच त्याचं उत्तर, दुसरं कुठलं उत्तर कुणी ऐकून घेणारही नाही.

आणि भरल्या पोटाची भीती पवित्र शास्त्रात जागोजागी आहे. नीतिसूत्रे ३० मध्ये तो आगूर देवाकडे मागतो, मला दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, वाट्याची भाकर दे, नाहीतर पोट भरल्यावर मी म्हणेन परमेश्वर कोण? बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो की चांगली घरं बांधून राहायला लागाल, सोनं-रुपं वाढेल, मग म्हणाल हे सगळं माझ्याच हातांच्या जोरावर. (आपल्याकडे हे वाक्य रिडेव्हलपमेंटची चावी मिळाली की ऐकायला येतं.) पण मला सगळ्यात जास्त लागते ती प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली लावदिकीया शहराची मंडळी. ते शहर खरंच पैसेवालं होतं. इ.स. ६० मध्ये तिथे भूकंप झाला आणि रोमची मदत न घेता त्यांनी स्वतःच्या पैशाने शहर पुन्हा उभं केलं, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. अशा शहरातल्या मंडळीला प्रभू म्हणतो, तू म्हणतोस मी श्रीमंत आहे, मला कशाचीच गरज नाही. त्यांनी काही चोरी-लबाडी केली असं प्रभूचं म्हणणं नाही, देव नाही असंही ते म्हणत नव्हते, फक्त कुणाची गरज उरली नव्हती.

माझं उत्तर इथेच आहे. चांगल्या दिवसांत देव आधी सुटत नाही, आधी मंडळी सुटते. मी हे इतक्या घरांत बघितलंय. भायखळ्याची चाळ सोडून माणूस ठाण्याला घोडबंदर रोडला टॉवरमध्ये जातो, सुरुवातीला दर रविवारी येतो, मग एका रविवारी मेगाब्लॉक असतो, एका रविवारी सोसायटीची मीटिंग, मग मोबाईलवर उपासना बघतो, मग तीही चहा पिता पिता. अर्पण जीपे करतो, त्यात खंड नाही हं! पण शेजारी बसलेल्या म्हातारीचा गुडघा दुखतोय हे त्याला कळत नाही, आणि त्याची बायको गेले दोन महिने नीट झोपत नाहीये हे मंडळीत कुणाला कळत नाही. मग प्रार्थनेत मागायचं काय, हा प्रश्न पडणारच की.

मी स्वतः मागते ते बहुतेक दुसऱ्यांचं. स्वतःचं मागणं संपलं की प्रार्थना पाच मिनिटांत आटोपते, दुसऱ्यांची नावं घेतली की आटोपत नाही. पण नावं यायला माणसं आपल्यापर्यंत पोचायला हवीत, आणि आमच्या टॉवरमध्ये पोचणं सोपं नाही, गेटवर वॉचमन नाव विचारतो, फोटो काढतो, ॲपवर अप्रूव्ह केल्याशिवाय लिफ्टपर्यंत सोडत नाही. आमच्या मंडळीतल्या एक बाई घरकाम करतात, एकदा फी भरायची अडचण सांगायला आल्या आणि त्या गेटवरूनच लाजून परत फिरणार होत्या. त्या दिवशी मी ॲपमध्ये मंडळीतली काही नावं कायमची परवानगी देऊन टाकली, पाळकसाहेबांचं त्यानंतर घातलं. महिन्यातून एकदा प्रार्थना सभा आमच्याकडे ठेवते, चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत जातो, शेजारी बघतात, बघू देत.

पैशाचं विचाराल तर दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, हातात येणाऱ्या पगारावर की कापाकापीच्या आधीच्या, हा वाद आपल्याकडे माझ्या आजोबांपासून चालू आहे आणि तो तसाच राहो. आमच्या घरी नियम एवढाच, पगार वाढला की अर्पण आधी वाढतं, सोफा नंतर. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगारच सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तेवढी आपली छाती नाही, माझी तर नाहीच. पण हार्वेस्टच्या, म्हणजे मंडळीतल्या सुगीच्या सणाच्या, लिलावाला मी हटकून थांबते. कुणी परसातली पपई आणतं, कुणी बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता, कुणी घरचे लाडू, आणि एका साध्या नारळाची बोली चढत चढत हजारावर जाते, नारळ घेणारा तो लगेच परत देतो, "पुन्हा बोला". तिथे श्रीमंत माणूस हसत हसत लुटला जातो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, वर्षातून एकदा हे होणं तब्येतीला चांगलं.

मुलांचं काय, हा पुढचा प्रश्न असतोच. माझा मुलगा रविवारी माझ्याबरोबर भायखळ्याला येतो तो निम्मा उपासनेसाठी आणि निम्मा नंतर मित्रांबरोबर खाण्यासाठी, हे मला माहीत आहे. चालतं मला. गेल्या आठवड्यात त्या मित्रांपैकी एकाचा कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झाला नाही, तर हाच त्याचा रेझ्युमे घेऊन रात्री बारापर्यंत लोकांना फोन करत बसला होता.