आंबट शेवटाची वारी

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत निघालं की बांद्याच्या आसपास कुणीतरी हमखास म्हणतं, "शेवट गोड तर सगळं गोड." संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी (सणाआधी), नोवेनाच्या म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या काळात, आमची ही वारी तीन टप्प्यांत होते: पेडणे, म्हापसा आणि तिसऱ्या दिवशी पणजीवरून जुन्या गोव्यातलं बॉम जेजू चर्च.

पाय बिघडतात ते बहुधा नव्या बुटांमुळे. महिनाभर वापरलेले, अर्ध्या नंबरने मोठे बूट घ्यावेत, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं. बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली, दर दोन तासांनी कोरडे मोजे. ओले पिशवीला बाहेर लटकवायचे. फोड आलाच तर फोडायचा नाही. पहाटे ४ ला निघून डांबर तापायच्या आत १८ किलोमीटर उरकायचे, तेही समोरची गाडी दिसेल असं रस्त्याच्या उजव्या कडेने. तेर्स, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांची जपमाळेची प्रार्थना, वीस मिनिटांत होतो, म्हणजे साधारण दीड किलोमीटर. घड्याळ लागतच नाही.

खरी गंमत शेवटच्या दिवशी. पर्वरीचा उतार गुडघे खातो आणि पुढे रायबंदरचा बांध: एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, सरळ सपाट रस्ता. आता आलंच म्हणून माणसं वेग वाढवतात आणि पोटऱ्यांत गोळे येतात ते नेमके इथे. मीठ-साखरेचं पाणी आदल्या दिवशीच संपवलेलं असतं.

तसं पाहिलं तर ज्याच्या फेस्ताला जायचं, त्या गोंयच्या सायबाचा शेवट कुठे गोड होता? फ्रान्सिस झेवियर १५५२ साली शांगचुआन बेटावर, चीनला नेणाऱ्या होडीची वाट पाहत वारला. वयाच्या ४६ व्या वर्षी. होडी आलीच नाही.

आणि क्रुसावर तर शेवटची चव आंबटच. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आंब (आंबट द्राक्षारस) घेतो आणि मग म्हणतो, "पूर्ण झाले आहे." मूळ ग्रीक शब्दात नुसतं 'संपलं' नाही, हाती घेतलेलं काम तडीस गेलं असा अर्थ आहे. म्हणीला गोडी हवी. इथे गोडीचा प्रश्नच नाही.

बॉम जेजूत झेवियरच्या अवशेषांची पेटी उंचावर आहे. गर्दीत खालून मान वर करून पाहायचं आणि पुढे सरकायचं, एवढंच. बाहेर आल्यावर लगेच बसू नये. दहा मिनिटं रेंगाळत चालावं, मग बूट सोडावेत. नाहीतर परतीच्या बसची पायरी चढवत नाही.