दोन आवाज, एकच पांढरी ओळ

माल्कम लॉरी या इंग्रज कादंबरीकाराच्या आयुष्यावर कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९७६ साली ‘व्होल्केनो’ हा माहितीपट काढला. डोनाल्ड ब्रिटन आणि जॉन क्रेमर यांच्या या चित्रपटाची मराठी सबटायटल्स करण्याचे काम एका फिल्म सोसायटीने माझ्याकडे दिले होते. प्रदर्शन होऊन गेले, तरी त्या संध्याकाळचा विषय माझ्या मनातून जात नाही.

चित्रपटातले निवेदन स्वतः ब्रिटन करतात, तर लॉरीच्या ‘अंडर द व्होल्कॅनो’ या कादंबरीतले उतारे अभिनेते रिचर्ड बर्टन वाचतात. बर्टन यांचा भरदार आवाज सुरू झाला की चरित्र थांबून कादंबरी सुरू झाली, हे ऐकणाऱ्याला आपसूक कळते. सबटायटल वाचणाऱ्याचे मात्र कान मागे पडतात. लॉरीच्या जन्मसालाची माहिती आणि कादंबरीचा नायक असलेल्या, मद्यात बुडालेल्या कौन्सलची (परदेशातल्या वकिलातीत काम केलेल्या माणसाची) वाक्ये एकाच पांढऱ्या अक्षरांत, पडद्याच्या एकाच जागी उमटली, तर त्याच्या लेखी दोन्ही सारखीच खरी ठरतात.

म्हणून बर्टन यांच्या ओळी मी पिवळ्या केल्या. तिरपी अक्षरे वापरता आली नसती, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टना तिरपे रूपच नसते. सॉफ्टवेअर सरळ अक्षर ढकलून वाकडे करते आणि मात्रा-वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. त्यातच ‘मृत्यूच्या’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण सॉफ्टवेअर मात्रा आणि हलन्त वेगळे धरून दहा मोजते आणि ओळ लांब झाल्याचा इशारा देत राहते. लॉरीचे वाक्य मुळातच लांबलचक. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ते तीन-चार तुकड्यांत कापले की पहिले तुकडे अधांतरी लोंबकळतात. प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील आणि तरी एकच श्वास चालू असल्याचे जाणवेल, अशी ती वाक्ये मी बांधली, आणि या कामाचा मला अभिमान आहे.

नियोजकांनी फाइल पाहून विचारले, “ताई, दोन रंग कशाला? लोक गोंधळतील. चित्रपट त्याच्याच आयुष्यावर आहे ना?” मी कारण सांगितले, तरी प्रदर्शनात सगळ्या ओळी पांढऱ्याच उमटल्या. गृहस्थ तळमळीचे आहेत, सोसायटी पदरमोड करून चालवतात. परंतु सबटायटल म्हणजे शेवटच्या घटकेला उरकायचे काम, ही आपल्याकडची समजूत त्यांचीही आहे.

चर्चेत एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “स्वतःचा शेवट त्याने आधीच लिहून ठेवला होता.” सभागृहाने माना डोलावल्या. वस्तुतः कादंबरीतला कौन्सल २ नोव्हेंबर १९३८ रोजी, मेक्सिकोतल्या मृतांच्या सणादिवशी, गोळी लागून मरतो आणि त्याचे प्रेत दरीत फेकले जाते. लॉरीचा मृत्यू जून १९५७ मध्ये इंग्लंडात, ससेक्समधल्या राइप या खेड्यात, मद्य आणि झोपेच्या गोळ्यांनी झाला. चौकशीत तो अपघाती ठरला. या दोन मरणांत दारूखेरीज साम्य कोणते?

या सोप्या सूत्रामुळे लॉरीचे कष्ट झाकले जातात, हे मला अधिक खुपते. १९४० चा खर्डा अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर त्याने कॅनडात व्हँकूवरजवळ डॉलर्टन येथे, समुद्रकाठच्या झोपडीत, पत्नी मार्जरीच्या साथीने तो वर्षानुवर्षे पुन्हा लिहिला. १९४४ मध्ये ती झोपडी जळाली; हस्तलिखित मात्र बचावले. पुढे जोनाथन केप या प्रकाशकाला जानेवारी १९४६ मध्ये लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्याने बाराही प्रकरणांची बाजू एकेक करून मांडली, आणि कादंबरी १९४७ मध्ये बाहेर आली. आपल्या रचनेतला चिरा न् चिरा कुठे आणि का बसवला हे सांगू शकणाऱ्या लेखकाची वाक्ये नशेतला कबुलीजबाब म्हणून वाचली जावीत, हा त्याच्यावर अन्याय आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. चरित्र आणि कादंबरी शेजारी ठेवणे हा दिग्दर्शकांचाच निर्णय आहे, मग सबटायटलकाराने त्यांत रेघ ओढावी का? मी यावर बराच विचार केला आहे. दिग्दर्शकांनी दोन आवाज निवडले, ते सरमिसळ टाळता यावी म्हणूनही असेल. ऐकणाऱ्याला मिळणारी ती खूण वाचणाऱ्यालाही मिळावी, इतकेच माझे मागणे आहे. पुढच्या प्रदर्शनाआधी मी नियोजकांना तसे लेखी कळवले आहे: पिवळा रंग नको असेल, तर कादंबरीच्या ओळींना निदान अवतरणचिन्हे राहू द्यावीत.