वाटीचे माप आणि जर्मन वजनकाटा

कार्यालयातील एका जर्मन सहकारी बाईंना माझ्या डब्यातले पिठले आवडले, म्हणून मी त्यांना कृती लिहून दिली, तर त्यांचा पहिलाच प्रश्न आला की एक वाटी म्हणजे नेमके किती ग्रॅम. प्रश्न सौजन्यानेच विचारलेला होता, तरीही तो मला लागला.

मी स्वयंपाक शिकलो तो कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली निघालेल्या 'रुचिरा'वरून, आणि तिथले प्रमाण वाटी-चमच्याचे आहे. इथे जर्मनीत भाड्याच्या खोलीत माझ्याजवळ ना वजनकाटा होता, ना शेजारी कोणी विचारण्यासारखे. स्टीलची एक वाटी होती आणि तेवढ्यावर माझे निभावले. एका वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी घेतले की वाटी लहान असो वा मोठी, पिठले तेच होते, कारण सांभाळायचे असते ते प्रमाण.

जर्मन काटेकोरपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. पिठाच्या पुडीवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात; १०० ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, हे त्यावरून कळते. ४०५ आपल्या मैद्याजवळचे, त्याच्या पोळ्या चिवट होतात. १०५० मात्र कणकेच्या बरेच जवळ जाते. आपल्याकडे पुडीवर एवढी माहिती कोणी देत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण कणकेला पाणी किती लागेल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. हिवाळ्यात हीटरने कोरड्या पडलेल्या घरात तेच पीठ जास्त पाणी पिते, आणि गोळा परातीला चिकटायचा थांबला, बोटाने दाबल्यावर हळूहळू वर आला, की कणीक झाली हे हातालाच कळते. शिवाय इथल्या पाककृतींतही मीठ चिमूटभरच असते, तेल चमच्याने मोजतात, आणि अमेरिकेत तर पीठसुद्धा कपाने घेतात. मग आमच्या वाटीनेच काय घोडे मारले?

बाईंना मी कृती पुन्हा लिहून दिली आहे. मोहरी तडतडल्यावर हिंग, हळद, लसूण आणि मिरची घालावी, पाण्याला उकळी आल्यावर एका हाताने बेसन पेरत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, आणि मंद आचेवर झाकण ठेवून वाफ आणावी, असे सगळे सविस्तर लिहिले आहे. ग्रॅम मात्र लिहिलेले नाहीत. कोणतीही एक वाटी घ्या आणि शेवटपर्यंत तीच वापरा, एवढेच सांगितले आहे.