मीठ म्हणजे लोणु

बुधवार, रात्रीचे साडेदहा. हे रिसॉर्टचं घड्याळ. मुंबईत आत्ता दहा वाजले असतील आणि तिकडे मालदीवच्या राजधानीत, मालेत, साडेनऊ. पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून या बेटानं आपलं घड्याळ राजधानीच्या एक तास पुढे ठेवलंय. परवा आल्या आल्या हे सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "सूर्याला विचारलं का कोणी?"

आईला इथे आणायला मला दीड वर्ष लागलं. बाबा गेल्यापासून ती गावचं घर सोडून कुठेच गेली नव्हती. बाबा असतानाही वाडी, शिंपणं, पाहुणेरावळे यांतून दोघांना कधी सवड झाली नाही. लग्नाला पन्नास वर्षं झाली की समुद्रापलीकडे कुठेतरी जाऊ, असं बाबा म्हणायचे. हे ते पन्नासावं वर्ष. आई म्हणत होती, एवढ्या पैशांत पडवीचं छप्पर होईल. होईलच. तरी मी तिकिटं काढली.

विमानतळाच्या दारातून बाहेर पडलं की समोर थेट धक्का आणि पाणी. स्पीडबोटीनं पाऊण तास. मालदीवमध्ये अशी सुमारे बाराशे बेटं आहेत, त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर लोकवस्ती. रिसॉर्टचं बेट वेगळं, गावाचं वेगळं. 1972 साली पहिलं रिसॉर्ट उघडलं तेव्हापासून चाल हीच, एका बेटावर एकच रिसॉर्ट. त्यामुळे इथे सगळं आहे, पण गाव नाही. पोर रडत नाही, कोणाच्या चुलीचा धूर येत नाही. पिण्याचं पाणी समुद्राचंच, यंत्रातून गोडं करून काचेच्या बाटलीत भरलेलं. तांदूळ, बटाटे, डिझेल, सगळं बोटीनं येतं.

खोली पाण्यावर, लाकडी खांबांवर. जमिनीत एक काच बसवलीय, तिच्यातून खाली मासे दिसतात. पहिल्या रात्री आई त्या काचेवर पाय द्यायची नाही, वळसा घालून जायची. एवढ्या पांढऱ्या, एवढ्या शांत जागेत तिला परकं वाटत होतं. ती बोलली नाही, पण खुर्चीच्या कडेवर बसली होती, लोकांच्या घरी बसतात तशी. मला वाटलं, चुकलं माझं.

काल सकाळी न्याहारीला तिथला मुलगा एक वाडगं घेऊन आला. दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरचा, असेल चोवीस-पंचवीसचा. हिंदी सिनेमे पाहून हिंदी छान बोलतो. म्हणाला, अम्मा, हे आमच्या घरचं खाणं, मस हुनि. कुस्करलेला टूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, वर लिंबू, सोबत चपातीसारखी रोशी. आईनं एक घास घेतला आणि माझ्याकडे वळली. "अगं, ही तर किसमूर! फक्त सुकटीच्या जागी हा मासा."

मग तिनं त्याला विचारलं, मस म्हणजे काय? मासा. आणि हुनि? खवलेलं खोबरं. मीठ? लोणु. आईनं हातातली रोशी खाली ठेवली. पाणी? फेन. समुद्र? मूदु. होडी? दोनी. "दोनी! आमच्याकडे गुरांना पाणी पाजायची ती डोण. आणि झाडाला तुम्ही काय म्हणता?" माडाला रुह. "म्हणजे रूख," आई म्हणाली, आणि तो मुलगा नुसता हसत राहिला, कारण इतकं पुढचं त्याला कळेना.

रात्री मी वाचत बसले. दिवेही, म्हणजे इथली भाषा, श्रीलंकेतल्या सिंहलीची सख्खी बहीण आणि आपल्या मराठीची लांबची नातेवाईक, मूळ एकच. शतकांच्या ओघात आपल्या 'प'चा तिथे 'फ' झाला, 'स'चा 'ह'. म्हणून पाण्याचं फेन, सातचं हत. लिहितात मात्र उजवीकडून डावीकडे, ताना लिपीत. प्रवाळकंकणाला, म्हणजे प्रवाळाच्या गोल कड्यासारख्या बेटांना, जगभर जो शब्द वापरतात, अ‍ॅटॉल, तोही यांच्याच अतोळुवरून गेला. मला हे आधी कुणी कसं सांगितलं नाही?

आज संध्याकाळी ओहोटीला किनाऱ्यावर चालत होतो. पायाखालची ही पिठासारखी वाळू बरीचशी पोपटमाशांची देणगी. ते चोचीनं प्रवाळ कुरतडतात, दळतात आणि वाळू करून बाहेर टाकतात. आई वाकली आणि काहीतरी उचललं. कवडी. पिवळसर, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी, त्यामुळे कवडी म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर देवीची माळच येते. तिनं ती कपाळाला लावली.

मी तिला सांगितलं, पूर्वी इथूनच जहाजं भरभरून कवड्या बंगालला जायच्या आणि बदल्यात तांदूळ यायचा. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे काझी होता, त्यानं हे लिहून ठेवलंय. माडाच्या झावळ्या पाण्यात सोडायच्या, कवडीचे जीव त्यांना चिकटायचे, मग ते वाळूत पुरून ठेवायचे. तिकडे हाटात कवड्या मोजून व्यवहार व्हायचा. आई म्हणाली, "आणि आपण म्हणतो, फुटकी कवडी नाही."

खोलीतल्या कार्डावर लिहिलंय, शिंपले-शंख नेऊ नका, रिकाम्या शिंपल्यात खेकडे घर करतात. मी काही बोलले नव्हते. आईनं स्वतःच ती परत पाण्याच्या कडेला ठेवली, उताणी नाही, पालथी, जशी मिळाली होती तशी. मग पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. बराच वेळ. मी हाक मारली नाही.

जेवताना त्या मुलानं तिला दहापर्यंत मोजायला शिकवलं. एकेह, देय, तिनेह, हतरेह, फहेह, हयेह, हतेह, अशेह, नुवये, दिहये. आईनं मराठीत म्हटलं, त्यानं दिवेहीत, दोघं एकदम, एक-एक करून. त्याची आई गावच्या बेटावर असते, तो वर्षातून दोनदाच घरी जातो. आईनं विचारलं, फोन करतोस ना? म्हणाला, रोज. "बरं," आई म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता ती झोपलीय. आज गादी काचेच्या अगदी कडेला ओढून घेतलीय, म्हणाली, इथे वारं येतं. उशाशी हॉटेलचा छोटा कागद आहे. त्यावर दहाही अंक तिच्या अक्षरात. अशेहच्या पुढे काहीतरी खोडलंय आणि पुन्हा लिहिलंय. सकाळी अकराला बोट आहे.